ध्वनिपरीक्षण आणि मराठीतील दंततालव्य वर्ण

चित्रपटाची ध्वनिपट्टी सिद्ध झाल्यावर तिचे परीक्षण होते. ध्वनीची पातळी, विकृती व ओठांशी मेळ ही त्याची नेहमीची अंगे होत. सेकंदाला २४ चौकटी असता एक चौकट सुमारे ४२ सहस्रांश सेकंदांची असते. तेवढ्या सूक्ष्मतेने मेळ तपासता येतो. तथापि या मापांतून निसटणारा एक दोष भाषाभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

आरे वसाहतीलगतच्या गोरेगाव चित्रनगरीचे (स्थापना १९७७) उदाहरण घेऊ. परिसर रानाचा असल्याने उघड्यावर मुद्रित केलेल्या संवादांत रातकिड्यांचा स्वर मिसळतो. तो बहुधा काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. ध्वनिगाळणीने तो पट्टा दाबतात. परंतु दंततालव्य व तालव्य ‘च’, ‘ज’ यांचा भेद ज्या घर्षणाने कळतो, त्याची बरीचशी ऊर्जा त्याच भागात असते. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, हे शब्द लिपीत एकच आहेत. त्यांचा भेद केवळ कानास कळतो. संदर्भामुळे अर्थ सहसा लागतो, पण उच्चार परका वाटतो आणि गाळणीचा दोष नटाच्या माथी येण्याचा संभव असतो.

वाक्य पाठ असलेल्या परीक्षकास हा लोप सहसा जाणवत नाही. खोकल्याने झाकलेला वर्ण श्रोता मनानेच भरून काढतो, हे वॉरन यांनी १९७० साली दाखविले. यास्तव असे शब्द वाक्यातून सुटे करून, संहिता न वाचलेल्या मराठीभाषकास ऐकवावेत व मूळ मुद्रणाशी ताडून पाहावेत.