हरभरा कोणत्या पाण्यात शिजतो?

स्पेनची राजधानी माद्रिद येथे ‘कोसिदो’ नावाचे जेवण प्रसिद्ध आहे. या शब्दाचा अर्थच ‘शिजवलेले’ असा आहे. १८७० साली सुरू झालेल्या ‘ला बोला’ या खानावळीत ते आजही मातीच्या लहान मडक्यांत, कोळशाच्या मंद आचेवर शिजते. मडक्यात काबुली हरभरे आणि मांस असते. पारंपरिक रीतीप्रमाणे आधी वरचे पाणी शेवया घालून वाढतात, मग हरभरे व भाज्या आणि शेवटी मांस.

ही रीत आपल्याला परकी वाटू नये. हदगावात पुरण घालायचे तेव्हा हरभऱ्याच्या डाळीवरचे येळवणी काढून कटाची आमटी करतात आणि डाळीचे पुरण होते. एकाच भांड्यातून दोन पदार्थ! दोन्हीकडच्या स्वयंपाक्यांची काळजीही एकच असते : हरभरा मऊ शिजला पाहिजे.

तो कधी कधी शिजत नाही, याची कारणे दोन प्रकारची असतात. काही दाण्यांच्या सालीतून पाणी आतच जात नाही. रात्रभर भिजवूनही ते फुगत नाहीत. हेच गणंग. दुसऱ्या प्रकारात दाणे चांगले फुगतात, पण तासभर उकळूनही टणक राहतात. उष्ण, दमट जागी फार दिवस साठवलेल्या हरभऱ्यात असे होते. मात्र हरभरा ताजा असूनही असे घडले, तर पाण्याकडे पाहायला हवे.

दाण्यातील पेशी एकमेकींना पेक्टिन या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजताना पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटाने दाबला जातो. परंतु पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन असतील, तर ते पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात. विटांच्या भिंतीत चुना घट्ट बसावा तसेच हे.

माद्रिदला १८५८ पासून ग्वादारामा डोंगरातल्या लोझोया नदीचे पाणी मिळू लागले. तिथला खडक मुख्यतः ग्रॅनाइट आणि नाइस. त्यातून कॅल्शियम फारसे विरघळत नाही, म्हणून पाणी सुफेन. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. त्याच्या खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम दोन्ही असतात. मुरणाऱ्या पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ते पाणी हे क्षार सोबत घेऊन विहिरीत आणि बोअरमध्ये उतरते. साबणाला फेस येत नाही तेच हे दुष्फेन पाणी.

वर्गात हा प्रयोग करून पाहू. एकाच पोत्यातले ५०-५० हरभरे चार वाट्यांत घ्या. पहिल्या वाटीत साठवलेले पावसाचे पाणी, दुसरीत बोअरचे, तिसरीत पंधरा मिनिटे उकळून, थंड करून वरचे निवळ घेतलेले बोअरचे पाणी, चौथीत लिटरला दोन चहाचे चमचे मीठ घातलेले बोअरचे पाणी. सकाळी गणंग मोजून बाजूला काढा. चौथ्या वाटीतले दाणे धुऊन साध्या बोअरच्या पाण्यात शिजवा, बाकीचे आपापल्या प्रकारच्या पाण्यात. पाणी, आच आणि वेळ सारखी ठेवा. शेवटी किती दाणे बोटांनी दबतात ते मोजा.

निकालाचा अर्थ विद्यार्थ्यांनाच लावू द्या. उकळल्यावर तळाशी बसणारा पांढरा साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; अस्थायी दुष्फेनता अशी दूर होते. मिठातला सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतो. चिमूटभर खाण्याच्या सोड्यानेही दाणे लवकर शिजतात, पण सोडा जास्त झाला तर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होते. उलट आम्लात पेक्टिन टिकून राहते. म्हणूनच जाणती बाई डाळ शिजल्यावरच चिंच घालते.

शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीवरही हे ज्ञान उपयोगी पडेल. एकदा उकळी आली की जाळ वाढवून पाणी अधिक तापत नाही, फक्त त्याची वाफ होते. तेव्हा आच मंद करावी, भांड्यावर झाकण ठेवावे आणि हरभऱ्यासाठी पावसाचे किंवा उकळून निवळलेले पाणी वापरावे. लाकडे वाचतील आणि पहिलीतल्या मुलालाही दाणा चावेल.