पन्नास नंबरचा बूट आणि सायकलचे पेडल

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला एक विद्यार्थी आहे. उंची सहा फूट पाच इंच, आणि पाय उंचीला शोभतील असे लांबलचक. रोज १२ किलोमीटर सायकल चालवत येतो. त्याने हौसेने पेडलला अडकणारे, सायकलपटू घालतात तसले बूट घेतले. दुकानात सर्वांत मोठा नंबर ४८ होता, तोच घेतला. दोन आठवड्यांनी स्वारी लंगडत प्रयोगशाळेत हजर! बोटांना मुंग्या येत होत्या, अंगठ्याचे नख काळे पडले होते. "सर, माझे पायच चुकीचे आहेत. सायकल सोडून देतो," तो म्हणाला.

मी म्हटले, "पाय चुकीचे नसतात, माप चुकते. जा, फूटपट्टी घेऊन ये."

त्या दुपारी आम्ही दोघांनी जे मोजले, ते आज तुम्हांला सांगतो. तुमचे पाय मोठे असोत वा लहान, पदार्थविज्ञान तेच आहे.

नंबर म्हणजे काय?

संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात. तेव्हा भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा. पेन्सिल सरळ धरून सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठे माप धरा. आमच्या मित्राचे माप आले ३२ से.मी.

सायकलच्या बुटांवर बहुधा युरोपीय नंबर असतो. त्याचे एकक 'पॅरिस पॉइंट', म्हणजे २/३ से.मी. हा नंबर पायाची लांबी सांगत नाही. बूट ज्या ठोकळ्यावर, म्हणजे कलबुतावर, बनवतात त्याची लांबी सांगतो. आता गुणाकार करा : ४८ × २/३ = ३२ से.मी. म्हणजे पाय ३२ आणि कलबूतही ३२! बोटांना हलायला जागाच नव्हती. बोटांपुढे दीड से.मी. मोकळे हवे असे धरले, तर कलबूत ३३.५ से.मी. हवे, आणि नंबर येतो ५०. अनेक उत्पादकांची मापे ४८ ला संपतात. काहींची ५० किंवा त्यापुढे जातात. म्हणून मिळेल तो बूट घेऊ नका, लागेल तो शोधा. रुंदीही विचारा, कारण लांबी बसली तरी चवडा आवळला गेला तर मुंग्या येणारच.

न अडकणारे नाव, अडकणारे पेडल

या पेडलला 'क्लिपलेस' म्हणतात. बूट तर त्यात खटकन अडकतो, मग हे नाव कसे? पूर्वी शर्यतीतील सायकलपटू पेडलवरच्या धातूच्या पिंजऱ्यात बोटे घालून वरून पट्टा आवळत. त्या पिंजऱ्याला 'टो क्लिप' म्हणत. तो गेला, म्हणून 'क्लिपलेस'. बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट जोडण्याची साधने बनवणाऱ्या 'लूक' या फ्रेंच कंपनीने १९८४ साली असे पेडल आणले, आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो याने ते वापरून 'टूर द फ्रान्स' जिंकली. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा छोटा तुकडा स्क्रूने बसवतात. तो पेडलमधील स्प्रिंगमध्ये अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो.

क्लीट कोठे बसवावी?

चवड्यावर उभे राहून पाहा. पोटरी ताठ होते. पाय ही एक तरफ आहे : घोटा हा टेकू, चवड्याखाली पेडलची प्रतिक्रिया आणि मागे टाचेला ओढणारी पोटरी. समजा, पेडलवर ३०० न्यूटन बल लावले. आमच्या मित्राच्या घोट्यापासून चवड्यापर्यंतचे अंतर १६ से.मी. होते. म्हणून घोट्याभोवतीचे आघूर्ण ३०० × ०.१६ = ४८ न्यूटन-मीटर. क्लीट टाचेकडे १ से.मी. सरकवली, तर ते ४५ होते. फरक थोडा वाटेल. पण मिनिटाला ८० फेरे धरले, तर तासाला ४,८०० वेळा पोटरीचा हा भार वाचतो. मोठ्या पायाची टाचेकडील भुजाही थोडी लांब असते, त्यामुळे निसर्गाने काही भरपाई केलेली आहेच. तरीही लांब पायाच्या सायकलपटूने क्लीट चवड्याच्या किंचित मागे ठेवावी, हे सोयीचे.

पण येथे दुसरी अडचण उभी राहते. क्लीट मागे गेली की बोटे पुढे जातात, आणि पुढे चाक आहे! आमच्या मित्राच्या सायकलवर क्रँकच्या आसापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर ६० से.मी. भरले. त्यातून क्रँकची लांबी १७ आणि चाकाची त्रिज्या ३४ वजा करा. स्थूलमानाने ९ से.मी. उरतात. त्याच्या चवड्यापुढे बोटे ९ से.मी., बुटाचे टोक १ आणि क्लीट मागे घेतल्यामुळे आणखी १, असे एकूण ११ होतात. म्हणजे हँडल फार वळवले, तर बूट टायरला घासणार!

हे वेगात घडत नाही, कारण वेगात आपण सायकल कलवून वळतो आणि हँडल जरासेच फिरते. धोका असतो तो गल्लीच्या तोंडाशी, अगदी हळू वळताना. डावीकडे वळताना चाकाची मागची कड उजवीकडे येते, म्हणून त्या वेळी उजवा पाय पुढे नको. पेडल मारणे थांबवून तो खाली ठेवा. उजवीकडे वळताना याच्या उलट.

मोठ्या पायाचा फायदा

तोटेच सांगितले, तर अन्याय होईल. समजा, क्लीट सुटण्यासाठी १० न्यूटन-मीटर आघूर्ण लागते. साधारण पायात क्लीटपासून टाच १९ से.मी. दूर असेल, तर टाचेला सुमारे ५३ न्यूटन बल लावावे लागेल. आमच्या मित्राला २२ से.मी. अंतरावर सुमारे ४५ न्यूटन पुरेल. लांब पान्याने नट लवकर सैल होतो, तसेच हे! अचानक थांबताना पाय चटकन सुटणे किती मोलाचे असते, हे एकदा आडवे झालेल्याला विचारा.

तरीही सुरुवातीला पेडलची स्प्रिंग सैल ठेवावी आणि भिंतीला धरून अडकवण्या-सोडवण्याचा सराव करावा. तळात दोन स्क्रूंची खोलगट क्लीट असलेले बूट घेतले, तर चालताही येते. आणि मापाचा बूट मिळेपर्यंत साधे रुंद पेडल व नेहमीचे कॅनव्हासचे बूट यांत काहीही कमीपणा नाही. आमच्या मित्राने दीड महिना तेच केले. मग मागवलेले ५० नंबरचे बूट आले. नवे नख वाढते आहे आणि तो रोज सायकलनेच येतो.

आता तुमचे काम. वर्गातील सर्वांच्या पायांची एकूण लांबी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी मोजा व आलेख काढा. दोहोंचे गुणोत्तर सर्वांचे जवळपास सारखे येते का? ज्याच्या पायांना सगळे हसतात, त्याचा बिंदू बहुधा त्याच रेषेच्या आसपास सापडेल. फक्त जरा वरच्या टोकाला.