तारेची पक्कड : स्वस्त की महाग?

द्राक्षाचा मंडप असो, वेलभाज्यांचा ताटवा असो की बांधावरचे काटेरी कुंपण असो, त्यासाठी लागणाऱ्या तारेची आणि खांबांची पारख बागाईतदार बारकाईने करतो. तो गेज विचारतो, जस्ताचा मुलामा न्याहाळतो, चार दुकानांत भाव काढतो. परंतु ती तार ज्या हत्याराने ओढावयाची, पिळावयाची आणि तोडावयाची, ते हत्यार मात्र दुकानाच्या दारात टांगलेल्या घोसातून हाताला लागेल ते उचलले जाते. पुढे घडांत वजन भरू लागले म्हणजे मंडपाचा एखादा सांधा सुटतो, तारेची ओळ खाली येते आणि तार खराब निघाली असे म्हटले जाते. पुष्कळदा दोष तारेचा नसून गाठीचा असतो, आणि गाठ बिघडण्यास पक्कडही कारण झालेली असते.

याचा अर्थ सर्वांत महाग पक्कड आणावी असा नव्हे. किमतीतील फरक कशामुळे पडतो आणि आपल्या कामाला त्यातले काय लागते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

चांगली पक्कड घडीव पोलादाची असते. तापलेले पोलाद साच्यात ठोकून तिचा आकार घडवितात आणि मग तिला पाणी देतात. यातील खरी कसोटी अशी की, तार तोडणारी धार अतिशय कठीण हवी. पण जबडा आणि दांडे तितके कठीण असून चालत नाहीत, कारण फार कठीण पोलाद ठिसूळ होते व झटक्यासरशी मोडते. म्हणून चांगले कारखानदार केवळ धारेचा भाग पुन्हा तापवून त्याला वेगळे पाणी चढवितात. या जादा संस्कारास खर्च येतो. स्वस्त पक्कडीत बहुधा तो वगळलेला असतो. मग एक तर धार मऊ राहून तिच्यावर तारेच्या जाडीचे खळगे पडतात, किंवा सगळीच पक्कड कडक होऊन जबड्याचा टवका उडतो. वरची चकाकी दोन्हींची सारखीच असते.

दुसरा फरक खिळीच्या जागेचा. पक्कड म्हणजे दोन तरफा होत. समजा, मुठीवर २० किलोचा जोर लावला, हात खिळीपासून १२ सें.मी.वर आणि धार २ सें.मी.वर आहे, तर तारेवर सुमारे १२० किलोचा दाब येतो. खीळ अर्धा सें.मी. पुढे सरकविली, तर तोच हात १६० किलोंहून अधिक दाब देतो. महाग पक्कडींच्या काही नमुन्यांत एवढीच युक्ती केलेली असते. दिवसभर तार तोडणाऱ्या मजुराच्या मनगटाला तिचे महत्त्व कळते. वर्षातून दोनदा कुंपण दुरुस्त करणाऱ्याला तिच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता तारेकडे पाहू. ८ गेजची तार सुमारे ४ मि.मी. जाड असते, १० गेजची सव्वातीन, १२ गेजची सुमारे २.६ आणि बांधणीची १८ गेजची तार अवघी १.२ मि.मी. असते. तार तोडण्यास लागणारा जोर जाडीच्या नव्हे तर छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ८ गेजला १२ गेजच्या सव्वादोन पटींहून अधिक जोर लागतो. त्यातच हल्ली मंडपासाठी उच्च ताण सहन करणारी कठीण तार वापरली जाते. ती जाडीने कमी असली तरी साध्या पक्कडीची धार एका दिवसात खाऊन टाकते. अशा तारेसाठी पक्कडीवर किंवा तिच्या वेष्टनावर कठीण तारेचा स्पष्ट उल्लेख असावा. नसल्यास लांब दांड्यांची वेगळी कातर घ्यावी व पक्कड केवळ धरण्या-वळविण्यास ठेवावी.

गाठीचे काम तोडण्याहून नाजूक असते. जोडातील दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्या फिरल्या पाहिजेत. एक तार सरळ राहून दुसरी तिच्याभोवती गुंडाळली गेली, तर ताण येताच गाठ सरकते. ज्या पक्कडीचे जबडे टोकाशी नीट मिटत नाहीत तिच्यातून तार निसटते. मग माणूस अधिक आवळतो, दाते जस्तात रुततात आणि मुलामा खरवडला जातो. बारीक ओरखडा आजूबाजूच्या जस्तामुळे काही काळ सांभाळला जातो, पण मुलामा सोलवटून निघाला तर तेथे गंज धरतो. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारले जाते व त्यातील तांबे जस्ताला मानवत नाही, हेही ध्यानात असावे. गाठ घट्ट झाल्यावर आणखी एक पीळ देण्याचा मोह अनेकांना होतो. त्या जादा पिळाने तार मुळाशी कडक होऊन तुटते, आणि तो दोष कोणत्याही पक्कडीच्या माथी मारता येत नाही. उरलेले टोक बोटाच्या पेराएवढे ठेवून आत वळवावे, म्हणजे घडांना व छाटणी करणाऱ्यांच्या हातांना ते लागणार नाही.

बाजारात एक निराळी पक्कडही मिळते. ती तारेची दोन टोके जबड्यात धरून मुठीला कुलूप लावते, आणि मागचा गोळा ओढला की सबंध पक्कड फिरून तारेला एकसारखा पीळ बसतो. ही मूळची यंत्रकामाची आहे. विमानाच्या इंजिनात बोल्ट हादऱ्याने सैल होऊ नये म्हणून बोल्टाच्या डोक्यातील भोकातून बारीक तार, बहुधा सुमारे ०.८ मि.मी.ची, ओवून पिळून बांधतात. त्यासाठी ती निघाली. तिच्या स्वस्त नमुन्यांत कुलूप ऐन पिळात सुटते आणि जबड्याच्या तीक्ष्ण कडेने तारेला खाच पडते. अशी खाच पडलेली तार पुढे तेथेच तुटते. म्हणून यंत्रे दुरुस्त करणाऱ्याने ती घ्यावयाची तर चांगलीच घ्यावी. शेतकऱ्याने मात्र स्वस्त वा महाग, कोणतीच घेण्याची घाई करू नये. जाड तारेला ती उपयोगाची नाही, आणि १८ किंवा २० गेजच्या मऊ तारेचे काम, बांधकामावर सळ्या बांधणारे कारागीर वापरतात तो साधा लोखंडी आकडा तितकेच चांगले करतो. तो गावचा लोहारही बनवून देईल.

दुकानात पक्कड मिटवून उजेडासमोर धरावी. टोके जुळली पाहिजेत आणि धारेतून येणारी उजेडाची रेघ दोन्ही बाजूंना सारखी असावी. मग पातळ कागद कापून पाहावा; तो फाटू नये, कापला जावा. दोन्ही दांडे आडवे हलवून खिळीत खेळ आहे का ते पाहावे. धारेवर जुनी कानस हलकेच ओढली असता ती घसरली पाहिजे, रुतता कामा नये; मात्र दुकानदाराने त्यास हरकत घेतली तर त्याचाही दोष नाही. उत्पादकाचे नाव पोलादावर उमटविलेले नसेल, केवळ कागदी चिठ्ठी असेल, तर ती पक्कड परत टांगून ठेवावी.

किमतीचा हिशेब असा करावा. समजा, एकरात ६०० गाठी आहेत आणि घसरणाऱ्या पक्कडीमुळे प्रत्येक गाठीस दहा सेकंद जास्त लागले, तर एका एकरामागे एक तास चाळीस मिनिटांची मजुरी वाया गेली. ज्याला नवा मंडप उभारावयाचा आहे त्याची महाग पक्कड त्या एकाच हंगामात वसूल होण्याजोगी आहे. ज्याला कुंपणाचे दोन फेरे नीट करावयाचे आहेत त्याला मधल्या किमतीची, पण वरील कसोट्यांना उतरलेली पक्कड पुरेशी होते.

एका बाबतीत मात्र काटकसर जिवावर बेतते. मंडपाची तार पिळणारी पक्कडच पुष्कळ ठिकाणी विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरलाही लावली जाते. मुठीवरील रंगीत प्लास्टिक हे बहुधा केवळ हाताच्या सोयीसाठी असते. त्याने ४१५ व्होल्टच्या तीन फेजच्या विजेपासून संरक्षण होते असे मानू नये. विजेच्या कामाच्या पक्कडीवर दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह व १००० व्होल्ट हा आकडा उमटविलेला असतो. ती वेगळी घ्यावी, तारेच्या कामास कधीही वापरू नये, कारण काटेरी तारेने तिचे आवरण चिरते. आणि ती हातात असली तरी मुख्य स्विच बंद केल्याविना स्टार्टर उघडू नये. वाऱ्याने विजेची तार कुंपणावर किंवा मंडपावर पडली असेल तर कोणतीच पक्कड उपयोगाची नाही. कुंपणापासून व मंडपापासून माणसे-जनावरे दूर ठेवून वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यास बोलवावे.