चेक मुदतीबाहेर जातो, देणं नाही

चेकबुकातलं एखादं कोरं पान काढून उजवा वरचा कोपरा पाहा. तारखेच्या आठ चौकोनांच्या आसपास बारीक अक्षरांत छापलेलं असतं: तारखेपासून तीन महिने वैध. ही ओळ नजरेखालून हजारदा जाते, तरी चेकच्या मुदतीबद्दल ऐकीव माहितीच जास्त चालते.

सगळ्यात चिवट समजूत सहा महिन्यांची. ती हवेतून आलेली नाही. बँका पूर्वी खरोखरच सहा महिन्यांपर्यंतचे चेक वटवत. तो बँकांचा रिवाज होता. पण काही मंडळी चेक, ड्राफ्ट आणि पे ऑर्डर बँकेत न भरता सहा-सहा महिने नोटांसारखे बाजारात फिरवू लागली. म्हणून रिझर्व्ह बँकेने 4 नोव्हेंबर 2011 रोजी परिपत्रक काढलं आणि 1 एप्रिल 2012 पासून ही मुदत तीन महिन्यांवर आणली. त्याला आता दशक उलटून गेलं, पण दुकानाच्या गल्ल्यापाशी आजही ‘सहा महिने चालतो हो’ असं ठणकावून सांगणारे भेटतात.

तीन महिने म्हणजे 90 दिवस, हाही असाच ठोकताळा. मोजायचे ते कॅलेंडरचे महिने. 1 फेब्रुवारीपासून मोजले तर साधारणपणे 89 दिवस भरतात, 1 जुलैपासून 92. आणि मोजणी सुरू होते चेकवर लिहिलेल्या तारखेपासून, चेक हातात पडला त्या दिवसापासून नव्हे. भाडेकरू अकरा महिन्यांचे अकरा चेक घरमालकाला एकदम देतो, तेव्हा शेवटचा चेक तीन महिन्यांत बाद होत नाही. त्याचं आयुष्य त्याच्यावरच्या तारखेला सुरू होतं. पुढच्या तारखेचा चेक त्याच तारखेला काढला असं धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सांगितलं आहे.

जानेवारीतला घोळ तर दरवर्षीचा. हाताला जुनं साल लिहायची सवय असते, आणि कालच फाडलेला चेक बँकेच्या लेखी वर्षभर जुना ठरून परत येतो.

मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी ड्रॉप बॉक्समध्ये चेक टाकला की आपण सुटलो, असंही कित्येकांना वाटतं. पण तुम्ही तुमच्या बँकेत चेक टाकणं आणि तो ज्या बँकेवर काढला आहे तिच्यापर्यंत पोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक न वटल्याच्या फौजदारी प्रकरणात मुदत मोजताना चेक काढणाऱ्याच्या बँकेपर्यंत तो वेळेत पोचला का, हे पाहतात. सर्वोच्च न्यायालयाचा 2001 चा निकाल तसा आहे. 4 ऑक्टोबर 2025 पासून क्लिअरिंग बरंच वेगवान झालं. दिवसाच्या ठरलेल्या वेळात आलेले चेक स्कॅन होऊन लगोलग पुढे जातात, आणि समोरच्या बँकेला त्याच संध्याकाळी 7 पर्यंत हो किंवा नाही कळवावं लागतं. पण शनिवारी रात्री पेटीत टाकलेल्या चेकला या वेगाचा काय उपयोग? आठवडाभर आधी भरा, म्हणजे एका दिवसावरून वाद घालायची पाळी येत नाही.

तारीख इंग्रजीतच हवी, हाही गैरसमज. चेक मराठीत लिहिता येतो. इतकंच नाही, राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे शके घालून लिहिलेली तारीखही बँकेने स्वीकारायची, अशी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे. मुदतबाह्य चेक चुकून वटू नये म्हणून बँकेने तिची इंग्रजी तारीख काढून पाहायची, हेही त्यात आहे. मात्र हा चैत्र पाडव्याला सुरू होत नाही. राष्ट्रीय दिनदर्शिकेत 1 चैत्र म्हणजे 22 मार्च, लीप वर्षात 21 मार्च. पंचांगातली तिथी घालून कौतुकाने चेक लिहाल, तर काउंटरवरच्या माणसाची पंचाईत कराल.

मुदत संपलेल्या चेकवरची तारीख खोडून नवी घालता येते का? स्कॅन होऊन वटणाऱ्या चेकवर रिझर्व्ह बँकेने खाडाखोडीला बंदी घातली आहे, अपवाद फक्त मुदतीसाठी तारीख बदलण्याचा. म्हणजे नाव किंवा रक्कम चुकली तर नवा चेक, पण तारीख बदलता येते. ती बदलायची मात्र चेक देणाऱ्याने, आणि तिथे त्याची सही हवी. ज्याला चेक मिळाला त्याने परस्पर तारीख फिरवली, तर तो चेक देणाऱ्यावर बंधनकारक राहत नाही, आणि बनावट दस्तऐवजाचं झेंगट मागे लागतं ते वेगळं. माझं मत विचाराल तर खोडलेला चेक स्वीकारूच नये, नवा मागावा. एका पानासाठी कशाला जोखीम घ्यायची?

खरा तोटा होतो तो पुढच्या गैरसमजात, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. देणेकरी म्हणतो, ‘चेक दिला होता, तू भरला नाहीस, आता मी मोकळा.’ घेणेकरी म्हणतो, ‘चेक माझ्याकडे आहे, कधीही कोर्टात खेचीन.’ दोघेही चुकतात.

चेक न वटणं गुन्हा ठरवणारं 138 वं कलम चेक-हुंड्यांच्या 1881 च्या कायद्यात 1989 पासून लागू झालं. त्यात सहा महिने असा उल्लेख आहे खरा, पण पुढेच म्हटलंय की सहा महिने किंवा चेकची वैधता, यांतली जी मुदत आधी संपेल ती. म्हणजे आता तीनच महिने. चेक या मुदतीत भरलेला हवा आणि पैसे नसल्याच्या कारणाने परत आलेला हवा. बँकेकडून तसं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, आणि तरीही नाही दिले तर पुढच्या महिनाभरात तक्रार. जुना झाला म्हणून परत आलेल्या चेकवर हे कलम लागत नाही.

मुरलेले देणेकरी नेमकं इथेच खेळतात. ‘आज नको भरू, पुढच्या सोमवारी टाक, बिल निघतंय.’ सोमवारचा पुढचा सोमवार होतो, चेक पाकिटात घडी पडून राहतो, तीन महिने सरतात आणि फौजदारी धाक संपतो. अशा वेळी शब्दावर थांबू नये. चेक भरावा, परत आला तर मुदतीच्या आत पुन्हा भरता येतो, आणि दुसऱ्यांदा परत आल्यावरही तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मान्य केलं आहे. किंवा थांबायचंच असेल, तर नव्या तारखेचा चेक हातात घेऊन मगच थांबावं.

उलट बाजूने, चेक बाद झाला म्हणून देणं फिटत नाही. ते तसंच उभं राहतं आणि दिवाणी दाव्याने वसूल करता येतं. उसनवारी किंवा विकलेल्या मालाच्या पैशासाठी मुदतीचा कायदा साधारणपणे तीन वर्षं देतो. तीन महिने आणि तीन वर्षं, ही गफलत करू नये.

डिमांड ड्राफ्टचं आयुष्यही तीनच महिन्यांचं. फरक इतकाच, की चेक न वटल्यास पैसे देणाऱ्याच्या खात्यातच असतात, ड्राफ्टचे मात्र आधीच कापलेले असतात. कॉलेजच्या फीसाठी काढून कपाटात राहिलेला जुना ड्राफ्ट फाडून टाकू नका. ज्याने तो काढला त्याने तो घेऊन बँकेत जावं. मुदत वाढवून मिळते किंवा रद्द करून पैसे परत घेता येतात.

राहिलं चेकबुक. कोऱ्या पानाला तीन महिन्यांची मुदत नसते, पाच वर्षांपूर्वीचं चेकबुकही चालू शकतं. ते बाद होतं बँक विलीन झाल्यावर. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक 1 एप्रिल 2020 रोजी पंजाब नॅशनल बँकेत गेल्या आणि त्यांची जुनी चेकबुकं 1 ऑक्टोबर 2021 पासून बंद झाली. आपली बँक विलीन झाली असेल, तर घरमालकाकडे किंवा कर्जापोटी देऊन ठेवलेले पुढच्या तारखांचे चेक आधी बदलून द्या. त्यांची तारीख उजाडेपर्यंत त्या बँकेचं नावच उरलेलं नसेल.