‘मेन’ म्हणजे नक्की कोणता?

२४ सप्टेंबर २०२३. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटावर आकाशातून एक कुपी उतरत होती. तिच्यात बेन्नू या लघुग्रहावरची माती होती, आणि ती आणायला सात वर्षं लागली होती. एक लाख फुटांवर छोटं पॅराशूट उघडायचं, त्याने कुपीचं डोलणं आवरायचं आणि मग मोठ्या पॅराशूटने तिला अलगद जमिनीवर टेकवायचं, असं ठरलेलं होतं. छोटं पॅराशूट त्या उंचीवर उघडलंच नाही. त्याला कुपीशी बांधून ठेवणारी दोरी ते घडीत असतानाच कापली गेली होती. नऊ हजार फुटांवर ते बाहेर पडलं आणि तसंच निसटून गेलं. मोठं पॅराशूट पुरेसं दणकट होतं, म्हणून कुपी वाचली. ती ठरल्यापेक्षा मिनिटभर आधी पोचली, पण सुखरूप पोचली.

नासाने कारण शोधलं तेव्हा बोट एका शब्दावर येऊन थांबलं. आराखड्यांत ‘मेन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला गेला होता. संदेश पाठवणाऱ्या यंत्राच्या बाजूला ‘मेन’ म्हणजे मोठं पॅराशूट. संदेश घेणाऱ्या बाजूला मात्र ‘मेन’ म्हणजे झाकण उडवून छोटं पॅराशूट बाहेर काढणारा स्फोटक. बहुधा वायरिंग करणाऱ्यांनी मेनला मेन जोडला. मला त्यांना दोष देववत नाही. आपल्या घरात कुणी ‘मेन बंद कर’ म्हणालं, तर वायरमन मीटरकडे जाईल आणि प्लंबर पाण्याच्या टाकीकडे.

या मोहिमेचं नेतृत्व टूसानच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडे होतं. सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा जगातला पहिला विभाग म्हणून ज्याची ओळख आहे, तो याच विद्यापीठात १९६१ साली सुरू झाला. कुपी त्या विभागाने बांधलेली नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. पण तिथे काय शिकवतात आणि का शिकवतात, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आपल्याकडे ‘सिस्टिम्स’ म्हटलं की, ‘म्हणजे कॉम्प्युटरचं का?’ असा प्रश्न येतो. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन करून अमेरिकेत एम.एस.ला निघालेल्या मुलांच्या घरीही तो येतो. उत्तर द्यायचं तर विभागाच्या संस्थापकापासून सुरुवात करावी लागते. ए. वेन वायमोर मुळात गणिती. मोठ्या यंत्रणा बांधताना माणसं एकमेकांशी ढगळ भाषेत बोलतात आणि घोटाळे तिथेच जन्मतात, हे त्यांनी ओळखलं. १९६७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात यंत्रणेची व्याख्याच गणिताच्या भाषेत मांडलेली आहे. पुढे त्यांनी ती पाच गोष्टींत बसवली: यंत्रणेच्या शक्य त्या सर्व अवस्था, आत येणाऱ्या गोष्टी, बाहेर पडणाऱ्या गोष्टी, पुढची अवस्था ठरवणारा नियम आणि प्रत्येक अवस्थेत बाहेर काय दिसावं याचा नियम. लिफ्ट घ्या. ती कितव्या मजल्यावर आहे आणि दार उघडं आहे की बंद, ही अवस्था. दाबलेलं बटण आत येतं, दिवा आणि घंटा बाहेर पडतात. मग दार उघडं असताना कुणी पाचव्याचं बटण दाबलं तर काय? नियमात याचं उत्तर लिहावंच लागतं. ‘ते बघून घेऊ’ याला त्या व्याख्येत जागा नाही. १९९३च्या पुस्तकाला त्यांनी ‘मॉडेल-बेस्ड सिस्टिम्स इंजिनिअरिंग’ असं नाव दिलं, आणि आज विमानं-उपग्रह बनवणाऱ्या कंपन्यांत हे शब्द रोज कानावर पडतात.

वायमोर यांनी यंत्रणेच्या गरजांचे सहा प्रकार पाडले. काय आत आणि काय बाहेर, कोणतं तंत्रज्ञान वापरता येईल, कामगिरी किती, खर्च किती, कामगिरी आणि खर्चात ओढाताण झाली तर कुणाला किती झुकतं माप, आणि शेवटचा, मला सर्वांत मोलाचा वाटणारा: गरज पुरी झाली हे तपासायचं कसं. हा सहावा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा असतो.

याच विभागातल्या मंडळींनी अभ्यासासाठी निवडलेलं एक उदाहरण फार गोड आहे. अमेरिकेत लहान स्काउट मुलं लाकडाच्या ठोकळ्यातून छोटी मोटार कोरतात आणि उतारावर सोडून शर्यत लावतात. चॅपमन, बाहिल आणि वायमोर यांच्या १९९२च्या पाठ्यपुस्तकात या शर्यतीचं आयोजन एक यंत्रणा म्हणून बारकाईने मांडलं आहे. बाद फेरीची पद्धत घेतली तर विजेता लवकर ठरतो, पण हरलेलं पोर पहिल्या दहा मिनिटांत रिकामं होऊन बाकावर बसतं. मग यश मोजायचं कशावर? त्यांनी आनंदी मुलांची टक्केवारी आणि चिडलेल्या पालकांची संख्या हीसुद्धा मापं धरली. यंत्रणा कुणासाठी आहे हे आधी ठरवलं, तेव्हा प्रत्येक मुलाला पुन्हा पुन्हा धावायला देणारं वेळापत्रक जास्त शहाणपणाचं ठरलं.

हा विषय मोठ्या सार्वजनिक विद्यापीठातच नीट रुजतो असं मला वाटतं, कारण त्याला शेजार लागतो. अ‍ॅरिझोनाचं हे विद्यापीठ १८८५ साली, अ‍ॅरिझोना अजून राज्यही झालेलं नसताना स्थापन झालं आणि १८९१मध्ये पहिले वर्ग भरले ते ३२ विद्यार्थ्यांचे. आज तिथे पन्नास हजारांहून जास्त मुलं शिकतात. फुटबॉल स्टेडियमच्या पूर्वेकडच्या प्रेक्षागाराखाली ८.४ मीटर व्यासाचे दुर्बिणीचे आरसे ओतले जातात. खाणकाम, प्रकाशविज्ञान, ग्रहविज्ञान, शेती, वैद्यक, सगळं एका आवारात आहे. आरसेवाला ज्याला ‘सहनमर्यादा’ (टॉलरन्स) म्हणतो, ती सॉफ्टवेअरवाल्याला कशी ऐकू येते, हे कळायला दोघं शेजारी असावे लागतात.

बेन्नूकडे परत येऊ. मोहिमेने किमान ६० ग्रॅम माती आणायची, असं लिहून ठेवलेलं होतं. उतरायला पन्नास मीटर रुंदीची मोकळी जागा मिळेल, हेही गृहीत होतं. प्रत्यक्षात बेन्नू दगडधोंड्यांनी भरलेला निघाला. निवडलेली जागा जेमतेम सोळा मीटरची होती. यानाला जमिनीवरच्या खुणा ओळखत उतरायला शिकवावं लागलं. गृहीत मोडलं, पण ६० ग्रॅमचा आकडा कुणी हलवला नाही. शेवटी हाती आले १२१.६ ग्रॅम.

अशा विभागातला एक तास डोळ्यांसमोर आणा. रुग्णालयासाठी औषध देणारा पंप करायचा आहे आणि एका गटाने फळ्यावर लिहिलंय, ‘पंप वापरायला सोपा हवा.’ सर ‘सोपा’ या शब्दाखाली रेघ मारतात. अर्ध्या तासाने वाक्य असं झालेलं असतं: हा पंप पहिल्यांदाच हाताळणाऱ्या परिचारिकेने कुणालाही न विचारता तो दोन मिनिटांत सुरू करायला हवा. सर खडू खाली ठेवतात, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी विचारते, ‘सर, पहिल्यांदाच म्हणजे हा पंप पहिल्यांदा, की कुठलाही पंप पहिल्यांदा?’