फ्लोरिडातला शरद : थीम पार्कची हवा आणि समुद्राचे पाणी

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातले ऑर्लँडो हे थीम पार्कांचे शहर समुद्रकाठी नाही. अटलांटिक महासागरावरचा कोको बीच पूर्वेला साधारण ९५ किलोमीटरवर आहे, तर मेक्सिकोच्या आखातावरचा क्लिअरवॉटर बीच पश्चिमेला सुमारे १७० किलोमीटरवर. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड इथे १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले, युनिव्हर्सल १९९० मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलने एपिक युनिव्हर्स हे नवे पार्क उघडले. चार-पाच दिवस पार्कांत आणि एक-दोन दिवस समुद्रावर, असा बहुतेक कुटुंबांचा बेत असतो. दिवाळीच्या सुट्टीमुळे महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची सहल साहजिकच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडते. मात्र पार्कांसाठी उत्तम हवा आणि समुद्रासाठी उत्तम पाणी तिथे एकाच वेळी मिळत नाही. सप्टेंबरात पाणी कोमट पण हवा अंगावर येणारी. नोव्हेंबरच्या अखेरीस हवा प्रसन्न पण पाणी गार. दोन्हींचा मेळ बसतो तो साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि तोही वादळाने घोळ घातला नाही तर.

ऑर्लँडोचे सरासरी कमाल तापमान सप्टेंबरात सुमारे ३२ अंश सेल्सिअस, ऑक्टोबरात २९ आणि नोव्हेंबरात २६ असते. रात्रीचे तापमान याच क्रमाने २३, १९ आणि १५ अंशांच्या आसपास उतरते. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ३२ हा आकडा फारसा घाबरवणार नाही, पण खरा त्रास दमटपणाचा आहे. सप्टेंबरात तिथल्या हवेचे दवबिंदू तापमान २२-२३ अंशांवर असते. अशा हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि सकाळी दहालाच रांगेतली मुले कावून जातात. डिस्नेच्या पार्कात दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते, हे लक्षात घेतले की सप्टेंबरातल्या रिकाम्या रांगांची किंमत कळते. महाराष्ट्रात पावसाळा सरला की ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो; फ्लोरिडात पावसाळा संपतो तेव्हा उकाडाही उतरू लागतो.

तिथला पावसाळा जूनपासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो, पण तो मोसमी वाऱ्यांचा नव्हे. शाळेच्या भूगोलात शिकवतात त्या खाऱ्या वाऱ्यांचा हा पाऊस. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारे आत शिरतात. फ्लोरिडा हे दोन समुद्रांमधले चिंचोळे द्वीपकल्प असल्याने खारे वारे दोन्ही बाजूंनी येतात आणि मध्यभागी कुठेतरी एकमेकांना भिडतात. भिडलेल्या हवेला वर जाण्यावाचून वाट नसते. दमट हवा झपाट्याने उंच चढते, दुपारी दोन-तीनच्या सुमारास काळे ढग उभे राहतात आणि तासभर कोसळून मोकळे होतात. सकाळ लख्ख आणि संध्याकाळही स्वच्छ, मधला तास-दीड तास मात्र विजांचा. मध्य फ्लोरिडा हा अमेरिकेतला सर्वाधिक विजा पडणाऱ्या पट्ट्यांपैकी एक आहे.

या पावसाची जागा त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरते. वारा पूर्वेकडून असेल तर अटलांटिकचे खारे वारे खोलवर आत घुसतात आणि दुपारचे ढग पश्चिमेला, आखाताच्या किनाऱ्याकडे सरकतात. वारा नैऋत्येकडून असेल तर तेच ढग संध्याकाळी कोको बीचच्या बाजूला जमतात. सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्रावर जायचे तर सकाळी आठला वाळूवर पोहोचून दुपारी एकला परतीला लागणे हाच व्यवहारी मार्ग आहे. मेघगर्जना कानावर आली की पाण्याबाहेर पडून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे, असा तिथला नियम आहे. वाळूत रोवलेली छत्री विजेपासून वाचवत नाही.

पार्कांतही वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. उंच रोलरकोस्टर, पाण्यातल्या राइड, मिरवणुका असे सगळे काही काळ बंद होते. छपराखालच्या राइड आणि नाट्यगृहे मात्र चालू राहतात आणि सगळी गर्दी तिकडे वळते. अनुभवी मंडळी जेवण आणि बंदिस्त खेळ दुपारी दोन ते चारमध्ये ठेवतात आणि उघड्यावरच्या राइड सकाळीच उरकतात. पाऊस थांबल्यावरचा पहिला तास विशेष चांगला, कारण भिजलेली बरीच कुटुंबे तोवर हॉटेलकडे निघालेली असतात. पार्कातला रेनकोट महाग पडतो. घरून नेलेला साधा प्लास्टिकचा रेनकोट तेच काम करतो.

ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेला झुकतो, जमीन पूर्वीसारखी तापत नाही आणि उत्तरेकडून थंड, कोरड्या हवेची पहिली लाट द्वीपकल्पावर उतरते. ही लाट येताना पावसाची एक सर देते आणि मागे निळेभोर आकाश ठेवून जाते. एका रात्रीत दमटपणा इतका उतरतो की सकाळी बाहेर पडणाऱ्याला वेगळ्या गावात आल्यासारखे वाटते. सप्टेंबरातला दीडशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस नोव्हेंबरात साठेक मिलिमीटरवर येतो. पार्कांसाठी याहून चांगली हवा वर्षात क्वचितच मिळते. समुद्रावर मात्र हीच लाट जोरदार वारा आणि खवळलेले पाणी घेऊन येते, आणि अटलांटिकच्या बाजूला दोन-तीन दिवस पोहण्याजोगी परिस्थिती राहत नाही. म्हणून समुद्राचा दिवस आधीपासून एका तारखेला बांधून ठेवू नये. सहलीतला जो दिवस शांत निघेल तो समुद्राला द्यावा.

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या सुमारास येतो. डिस्ने वर्ल्ड वादळामुळे बंद ठेवण्याची वेळ पहिल्यांदा १९९९ च्या सप्टेंबरात, फ्लॉइड वादळाच्या वेळी आली. पुढे २००४ मध्ये चार्ली, फ्रान्सिस आणि जीन ही तीन वादळे दीड महिन्यात मध्य फ्लोरिडावरून गेली. २०१६ मध्ये मॅथ्यू, २०१७ मध्ये इर्मा, २०२२ मध्ये इयन आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन यांनीही पार्कांना कुलूप लावले. म्हणजे ऑक्टोबरही पूर्ण निर्धास्त नाही. तरी एखादे कुटुंब ज्या आठवड्यात जाईल त्याच आठवड्यात वादळ ऑर्लँडोवर येण्याची शक्यता कमीच असते. भीतीपोटी सहल रद्द करण्यापेक्षा रद्द करता येईल असे आरक्षण करणे शहाणपणाचे.

वादळाची बातमी वाचण्याचीही एक रीत आहे. मायामीतील राष्ट्रीय हरिकेन केंद्र नकाशावर पांढऱ्या शंकूसारखा पट्टा दाखवते. वादळाचे केंद्र पुढच्या पाच दिवसांत कोणत्या पट्ट्यातून जाऊ शकते एवढेच तो सांगतो, आणि सुमारे एकतृतीयांश वेळा केंद्र त्याच्याही बाहेर जाते. वादळाचा आकार किंवा नुकसानीची हद्द त्यावरून कळत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन वादळाचे केंद्र टँपा उपसागरापासून खूप दूर समुद्रातून उत्तरेकडे गेले. तरीही त्या उपसागराच्या काठी पाण्याने आधीचे विक्रम मोडले आणि क्लिअरवॉटरच्या बाजूला समुद्र घरांत शिरला. वादळी वारे सुरू होण्याच्या ४८ तास आधी पूर्वसूचना आणि ३६ तास आधी इशारा दिला जातो. डिस्नेच्या जाहीर धोरणानुसार, पोहोचण्याच्या तारखेआधी सात दिवसांच्या आत ऑर्लँडो भागासाठी किंवा प्रवाशाच्या राहत्या गावासाठी असा इशारा निघाला, तर डिस्नेकडून थेट घेतलेली सहल दंडाशिवाय पुढे ढकलता किंवा रद्द करता येते. विमान तिकीट आणि बाहेरचे हॉटेल यात येत नाही, त्यांचे नियम आधी वाचावे लागतात.

ऑर्लँडो आत असल्याने समुद्राचे पाणी तिथवर पोहोचत नाही, आणि पार्के बहुधा एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू होतात. किनाऱ्याचे तसे नसते. लाटा पुळण खरवडून नेतात, वाळूच्या टेकड्या कापल्या जातात, किनाऱ्यावर उतरण्याचे लाकडी जिने तुटतात. इयनने आधीच झिजवलेल्या डेटोनाजवळच्या किनाऱ्यावर २०२२ च्या नोव्हेंबरात निकोल वादळ आले तेव्हा समुद्राकाठची काही घरे पाण्यात कोसळली. वादळानंतर नद्यांचे आणि गटारांचे पाणी समुद्रात मिसळते, त्यामुळे स्थानिक आरोग्य खात्याने पाणी सुरक्षित असल्याचे सांगेपर्यंत त्यात उतरू नये.

वादळ फ्लोरिडाच्या जवळपास नसतानाही समुद्र धोकादायक होतो, आणि पाहुण्यांचा इथेच घात होतो. शेकडो किलोमीटर दूर, भर अटलांटिकमध्ये फिरणारे वादळ लांबलचक, भारदस्त लाटा पाठवत राहते. कोको बीचवर ऊन पडलेले असते, वारा नसतो, आणि किनाऱ्याला मात्र पाणी सतत आपटत असते. वर चढलेले हे पाणी परत जायला वाळूच्या बुडित बांधांमधली फट शोधते आणि अरुंद, वेगवान प्रवाह होऊन समुद्राकडे धावते. यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या जवळ जाऊ शकतो, म्हणजे ऑलिंपिकचा जलतरणपटूही त्याच्या उलट पोहून जिंकणार नाही. काठावरून पाहिले तर दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा गुळगुळीत, थोडा गडद किंवा गढूळ दिसतो. फेस आणि शेवाळाचे तुकडे त्यावरून आत ओढले जाताना दिसतात. पोहणे न येणाऱ्याला हीच जागा शांत वाटते आणि तो मुलाचा हात धरून नेमका तिथेच उतरतो. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झेपावू नये. हा प्रवाह माणसाला आत नेतो, खाली ओढत नाही. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग तिरके परतावे. जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करून मदत मागावी.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर जीवरक्षकांच्या मनोऱ्याजवळ झेंडे असतात. हिरवा म्हणजे धोका कमी, पिवळा मध्यम, लाल जास्त आणि दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. जांभळा झेंडा अपायकारक जलचरांची खूण आहे. तो अटलांटिकच्या बाजूला बहुतेकदा पोर्तुगीज मॅन ओ’ वॉर या निळसर फुग्यासारख्या प्राण्यासाठी लागतो. मुंबईत पावसाळ्यात जुहू-गिरगावला वाहून येणारी ‘ब्लू बॉटल’ त्याच कुळातली. वाळूवर मेलेली पडली तरी तिचे तंतू डंख करतात, म्हणून मुलांना ती उचलू देऊ नये.

सप्टेंबर-ऑक्टोबरात बोय माशांचे प्रचंड थवे अटलांटिक किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकतात आणि त्यांच्या मागे शार्क उथळ पाण्यात येतात. न्यू स्मर्ना बीच ज्या व्होल्युशिया परगण्यात आहे, तिथे शार्कच्या चाव्यांच्या नोंदी भरपूर आहेत, पण जखमा बहुधा किरकोळ असतात. गढूळ पाण्यात शार्क पायाला मासा समजतो. माशांचा थवा उड्या मारताना दिसला किंवा पक्षी एकाच जागी सूर मारू लागले, तर बाहेर यावे. ऑक्टोबरअखेरपर्यंत समुद्री कासवांचाही हंगाम असतो. अंडी फोडून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने सरपटतात, म्हणून रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. मुलांनी दिवसा खणलेले खड्डेही बुजवून टाकावे, नाहीतर पिल्ले त्यात अडकतात.

आखाताचा किनारा वेगळ्या स्वभावाचा. पाणी उथळ, लाटा लहान, वाळू गारगोटीची म्हणून पांढरी आणि उन्हातही फारशी न तापणारी. लहान मुलांसाठी हाच किनारा बरा आणि सूर्यास्तही इथेच समुद्रात दिसतो. ऑक्टोबरपर्यंत तळाच्या वाळूत पाकट मासे दडलेले असतात. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत चालले की ते आधीच निघून जातात. मोठी चिंता असते ती लाल भरतीची. कारेनिया ब्रेविस या सूक्ष्म शैवालाची वाढ उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात सुरू होते, मासे मरून किनाऱ्याला लागतात, आणि लाटांच्या तुषारांतून येणाऱ्या विषाने घसा खवखवतो, खोकला येतो. २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला असा एक प्रकोप २०१९ च्या सुरुवातीपर्यंत टिकला. दम्याच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी राज्य सरकार जाहीर करत असलेला लाल भरतीचा नकाशा जरूर पाहावा आणि नोंद असेल तर अटलांटिकची वाट धरावी.

पाण्याचे तापमान सप्टेंबरात दोन्ही बाजूंना २८ अंशांच्या वर असते, ऑक्टोबरात २६ च्या आसपास येते आणि नोव्हेंबरच्या अखेरीस २१-२२ पर्यंत उतरते. उथळ असल्याने आखात लवकर निवते. थंडीच्या दिवशी डिस्नेचे वॉटर पार्कही बंद ठेवतात, त्यामुळे नोव्हेंबरात त्यांचे तिकीट आदल्या दिवशीचा अंदाज पाहूनच घ्यावे.

गर्दीचे गणित हवामानाला थोडे छेद देते. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात, म्हणून सप्टेंबरात पार्के सर्वांत मोकळी. ऑक्टोबरात हॅलोविन येतो. डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कात हॅलोविनच्या स्वतंत्र तिकिटाच्या पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावे लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पार्कांत रोषणाई लवकर उजळते, समुद्राचा दिवस मात्र तेवढाच आखडतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात पार्कांतल्या रांगा आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढतात. त्याच आठवड्यात किनाऱ्यावर पोहणारे तुरळक असतात आणि तिथला दिवस अंगात स्वेटर घालून लांबवर चालण्याचा असतो.