फ्रेम समकालन (हवामान उपग्रह संकेत)

फ्रेम समकालन म्हणजे ग्राहकाकडे अखंड येणाऱ्या अंकीय प्रवाहात प्रत्येक फ्रेम, म्हणजे ठरावीक लांबीची माहितीची चौकट, नेमक्या कोणत्या बिटपासून सुरू होते हे ठरविण्याची प्रक्रिया होय. हवामान उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओत (संक्षेपाने एसडीआर) हे काम स्वतंत्र विद्युत मंडलाऐवजी संगणकावरील आज्ञावली करते. एकूणएक बिट अचूक वाचले गेले, तरी फ्रेमचा आरंभ चुकल्यास ढगांच्या चित्राऐवजी निव्वळ ठिपक्यांचा गोंधळ हाती येतो.

पार्श्वभूमी

हा प्रश्न अंकीय प्रक्षेपणापेक्षा जुना आहे. २१ डिसेंबर १९६३ रोजी सोडलेल्या टायरॉस-८ या अमेरिकी उपग्रहाने स्वयंचलित चित्रप्रक्षेपण (एपीटी) प्रथम वापरात आणले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चालविले जात होते. तेथे अशी उपग्रहचित्रे घेतली जात. ८०० ओळींचे एक चित्र सेकंदाला ४ ओळी या वेगाने येई. फॅक्स यंत्राची गती आणि ओळीचा आरंभ उपग्रहाशी जुळले नाहीत, तर चित्राची कडा कागदाच्या मधोमध येत असे.

पुढील काळातील नोआ उपग्रहांच्या एपीटी संकेतात सेकंदाला २ ओळी व प्रत्येक ओळीत २,०८० बिंदू असत. ओळीच्या आरंभी १,०४० हर्ट्‌झ वारंवारतेची ७ आवर्तने खूण म्हणून पाठविली जात. ग्राहकाचे घड्याळ दहा लाखांत १०० भागांनी चुकत असेल, तर दर ओळीमागे सुमारे ०.२ बिंदूचा फरक पडतो आणि १० मिनिटांच्या १,२०० ओळींत चित्र जवळजवळ २५० बिंदूंनी तिरके होते. तिरके चित्र निदान ओळखता तरी येते. अंकीय संकेतात ही सवलत नाही. नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९ हे उपग्रह २०२५ मध्ये सेवेतून काढल्यानंतर एपीटीचा काळ संपला.

समकालन चिन्ह

रशियाच्या मेटिऑर-एम मालिकेतील उपग्रह १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एलआरपीटी हा अंकीय संकेत पाठवितात. त्यातील प्रत्येक फ्रेम १,०२४ बाइट म्हणजे ८,१९२ बिटांची असते. पहिले ४ बाइट हे समकालन चिन्ह असून ते ०००११०१० ११००११११ ११११११०० ०००१११०१ असे ३२ बिटांचे आहे. हा क्रम मुद्दाम निवडलेला आहे: तो स्वतःवरच एक-दोन बिट सरकवून ठेवला, तर जुळणी लगेच मोडते, त्यामुळे जवळच्या चुकीच्या जागी फसगत होण्याचा संभव कमी राहतो.

चिन्हानंतरच्या बिटांवर एक ठरावीक छद्म-यादृच्छिक क्रम चढविलेला असतो व तो प्रत्येक फ्रेमच्या आरंभापासून नव्याने सुरू होतो. त्यानंतर रीड-सॉलोमन संकेतन तपासले जाते. ते प्रत्येक २५५ बाइटांच्या गटातील १६ चुकीचे बाइट दुरुस्त करू शकते. मात्र आरंभ एका बिटनेही सरकला, तर जवळपास सगळेच बाइट चुकीचे ठरतात आणि दुरुस्तीचा उपयोग उरत नाही.

सहनशीलतेचा प्रश्न

गोंगाटामुळे चिन्हातील काही बिट उलटतात, म्हणून आज्ञावलीला थोडी चूक सहन करावी लागते. पूर्ण जुळणीचा आग्रह धरल्यास खऱ्या फ्रेम निसटतात, फार ढिलाई केल्यास खोट्या सापडतात. यादृच्छिक बिटांत ३२ बिटांचे चिन्ह तंतोतंत सापडण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक असते. ३ बिटांपर्यंतची चूक चालवून घेतली, की ती ७.८ लाखांत एक होते, म्हणजे एका फ्रेमइतकी सर्व स्थाने तपासताना साधारण ९५ वेळांत एकदा खोटे चिन्ह मिळते. त्यामुळे पहिल्या सापडीवर विश्वास न ठेवता बरोबर ८,१९२ बिटांनंतर दुसरे चिन्ह आहे का, हे पाहतात. सलग जुळले की समकालन साधले असे मानतात. त्यानंतर एखादे चिन्ह गोंगाटात बुडाले, तरी आज्ञावली आधीच्या मोजणीवरून पुढे जाते, आणि काही फ्रेम सलग हुकल्यावरच नव्याने शोध घेते.

चिन्हाचे सर्व ३२ बिट उलटे आले, तर ती वाईट बातमी नसते. वाहक लहरीची कला १८० अंशांनी चुकली आहे, एवढेच त्यातून कळते आणि सर्व बिट उलटवून फ्रेम जशीच्या तशी वापरता येते.

भूरचनेचा परिणाम: सोनाळा

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यातले सोनाळा सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी आहे. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून क्षितिजावर येतो आणि फार तर १५ मिनिटे दिसतो. दक्षिणेकडे मोकळे आकाश मिळाले, तरी उत्तरेकडील डोंगररांग क्षितिजालगतचा संकेत अडवते. त्यामुळे उत्तरेकडून येणारा उपग्रह येथे उशिरा पकडला जातो, दक्षिणेकडून आलेला लवकर निसटतो. याच वेळी डॉप्लर परिणामही सर्वाधिक असतो: १३७ मेगाहर्ट्‌झवर सुमारे ३ किलोहर्ट्‌झ. सेकंदाला ७२,००० प्रतीकांच्या प्रवाहात त्यामुळे प्रतीकांचा वेगही सेकंदाला दीडेक प्रतीकाने बदलतो. आज्ञावलीने तो बदल सतत भरून काढला नाही, तर एखादे प्रतीक गळते व फ्रेमची मोजणी बिघडते. या वेगाने संकेतन उलगडल्यावर सेकंदाला जवळजवळ ९ फ्रेम मिळतात. समकालन एक सेकंद जरी हरवले, तरी त्या फ्रेमांतील चित्राचा पट्टा कायमचा रिकामा राहतो, कारण उपग्रह ते पुन्हा पाठवीत नाही.